काळ ओलांडून परतलेले नायक : मुचकुंद, लिंगो आणि मराठी विज्ञानकथा

साकोली : दिवाळी आटोपली, धानाची कापणी मार्गी लागली की भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक असा हा क्रम असतो. कार्तिकातल्या या रात्री आकाश बहुधा निरभ्र असते. साकोलीहून नागझिऱ्याच्या जंगलाच्या दिशेने थोडे अंतर गेले, की गावातील दिव्यांचा उजेड मागे पडतो आणि पूर्वेकडे कृत्तिकांचा पुंजका स्पष्ट दिसू लागतो. त्या ताऱ्यांचा आज डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वी तेथून निघाला आहे. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. अगदी अंधाऱ्या रात्री डोक्यावर देवयानी आकाशगंगेचा पुसट ठिपका शोधता आला, तर त्या प्रकाशाचे वय सुमारे २५ लाख वर्षे भरते.

आकाशाकडे पाहणे म्हणजे भूतकाळाकडे पाहणे, ही गोष्ट आधुनिक खगोलशास्त्राने सिद्ध केली. मात्र दूरच्या लोकी गेलेल्या माणसासाठी काळ वेगळ्या गतीने चालतो, तो परत येतो तेव्हा त्याच्या ओळखीचे जग उरलेले नसते, ही कल्पना कथाकारांनी फार पूर्वी हाताळली आहे. अवकाश आणि काळ ओलांडणारा, पण त्यासाठी स्वतः फारसा उत्सुक नसलेला नायक आज चित्रपट, कादंबऱ्या आणि संगणकीय खेळांतून जगभर परिचित आहे. या नायकाची एक वंशावळ भारतीय पुराणांत आहे, एक साकोलीच्या शेजारच्या डोंगरांत आहे आणि एक मराठी विज्ञानकथेत आहे. तिचा हा परिचय.

अंतराळगाथा म्हणजे काय?

अशा कथांना इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. संगीत नाटकाशी या प्रकाराचा संबंध नाही. अमेरिकेत रेडिओवरील कौटुंबिक मालिकांना 'सोप ऑपेरा' आणि घोडेस्वारांच्या ठरावीक साहसपटांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणत असत. त्याच धर्तीवर विल्सन टकर या लेखकाने १९४१ मध्ये हा शब्द वापरला, तोही हेटाळणीच्या सुरात. अंतराळयानांच्या त्याच त्या घासून गुळगुळीत झालेल्या कथांना त्याने दिलेले ते नाव होते. पुढे हेटाळणी मागे पडली आणि शब्द रूढ झाला. अनेक ग्रह, अनेक संस्कृती, पिढ्यान्पिढ्या चालणारा संघर्ष आणि त्याच्या केंद्रस्थानी सापडलेला एखादा सामान्य माणूस, ही या प्रकाराची ढोबळ ओळख सांगता येईल. मराठीत त्याला अंतराळगाथा म्हणता येते.

या गाथांमधील नायक अनेकदा नाखुशीने घराबाहेर पडतो. ही नाखुशी भित्रेपणातून येते असा समज असतो. प्रत्यक्षात काळ ओलांडणाऱ्या नायकापुढे वेगळाच प्रश्न असतो. युद्धात हरण्याची शक्यता असते तशी जिंकण्याचीही असते. पण काळाच्या प्रवासात जिंकूनही आपली माणसे गमवावी लागतात. हा हिशेब सर्वाधिक नेमकेपणाने मांडलेली जुनी कथा मुचकुंदाची आहे.

देवांचा सेनापती, झोपेचा वर

मुचकुंद हा इक्ष्वाकु कुळातील मांधात्याचा पुत्र. त्याची कथा विष्णुपुराणात आणि भागवताच्या दशम स्कंधात येते. असुरांनी त्रस्त झालेल्या देवांनी त्याला रक्षणासाठी बोलावले. तो गेला, दीर्घकाळ लढला. पुढे देवांना कार्तिकेय हा सेनापती लाभला, तेव्हा त्यांनी मुचकुंदाला निरोप दिला आणि मोक्ष सोडून हवा तो वर माग म्हणून सांगितले. मोक्ष देणे त्यांच्या हाती नव्हते. त्याच वेळी त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली : त्याचे पुत्र, राण्या, आप्त, मंत्री आणि प्रजा यांपैकी आता कोणीही जिवंत नव्हते. काळाने सर्वांना नेले होते.

मुचकुंदाने राज्य मागितले नाही, अमरत्वही मागितले नाही. त्याने झोप मागितली. एका गुहेत तो निजला. जो त्याची झोप मोडेल तो भस्म होईल, असे ठरले. युगे गेली. द्वापाराच्या अखेरीस कालयवनाने मथुरेवर स्वारी केली, तेव्हा कृष्ण त्याला हुलकावणी देत त्याच गुहेत घेऊन गेला. अंधारात निजलेला माणूस कृष्णच आहे असे समजून कालयवनाने त्याला लाथ मारली आणि मुचकुंदाची दृष्टी पडताच तो जळून गेला. पुन्हा एकदा मुचकुंदाच्या हातून मोठे कार्य झाले होते आणि पुन्हा एकदा त्याला त्याविषयी कोणी आधी विचारले नव्हते.

कथेचा शेवट विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मुचकुंद गुहेबाहेर येतो तेव्हा माणसे, पशू, वृक्ष सारेच त्याला आपल्या आठवणीपेक्षा खुजे दिसतात. कलियुग जवळ आल्याचे त्याच्या ध्यानी येते. त्या जगात राहण्याचा प्रयत्न तो करीत नाही. तपासाठी उत्तरेकडे निघून जातो.

सत्तावीस चतुर्युगांचा उशीर

याच परंपरेतील दुसरी कथा ककुद्मी राजाची आहे. कुशस्थलीचा हा राजा आपली कन्या रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते म्हणून तो थोडा वेळ थांबला. गायन संपल्यावर त्याने आपल्या मनातील वरांची नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसले. राजा थांबला तेवढ्या वेळात पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटली होती. ते वर राहिले नव्हते, त्यांची मुले-नातवंडे राहिली नव्हती, त्यांच्या कुळांची नावेही ऐकू येत नव्हती.

पुराणांतील गणनेप्रमाणे एक चतुर्युग ४३ लाख २० हजार वर्षांचे मानले जाते. त्या हिशेबाने ककुद्मीला झालेला उशीर ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षांचा ठरतो. हा आकडा इतिहास किंवा विज्ञान म्हणून घेण्याचे कारण नाही. मात्र एका मैफलीचा अवधी आणि कोट्यवधी वर्षे यांना शेजारी ठेवण्याचे धाडस कथाकाराने केले, हे साहित्य म्हणून महत्त्वाचे आहे. ककुद्मीची कथा मुचकुंदापेक्षा सौम्य आहे. ब्रह्मदेवांच्या सांगण्यावरून रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. जुन्या युगातील रेवती नव्या युगातील माणसांहून फार उंच होती, तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला आपल्या उंचीची केले, असेही सांगतात. कन्येला नव्या काळात घर मिळते. राजा स्वतः मात्र मुचकुंदाप्रमाणेच तपाला निघून जातो.

काळात अडकून पडण्याचा तिसरा नमुना महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला भेटतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. हे स्थान अश्वत्थाम्याचे मानले जाते. मस्तकावरील जखम घेऊन तो अजून डोंगरात हिंडतो, वाटसरूंकडे तेल मागतो, अशी तिकडची श्रद्धा आहे. त्याच्यासाठी चिरंजीवित्व हा वर न राहता शिक्षा झाली. नाग अश्विन दिग्दर्शित 'कल्की २८९८ एडी' या २०२४ च्या चित्रपटाने याच अश्वत्थाम्याला महाभारत युद्धापासून थेट २८९८ सालापर्यंत आणले. अमिताभ बच्चन यांनी ती भूमिका केली. त्याच चित्रपटात प्रभास यांनी साकारलेला भैरव हा तर आपल्या सोयीपलीकडे काही न पाहणारा नायक आहे. युगांतर करणारे पात्र आणि नाखूश नायक यांची सांगड आजही प्रेक्षकांना खेचते, हे त्यातून दिसले.

कचारगडची गुहा आणि लिंगो

मुचकुंद गुहेत शिरतो, तर साकोलीच्या शेजारच्या मुलुखातील एक नायक गुहेतून इतरांना बाहेर काढतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्या जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, साकोलीच्या ईशान्येला, दरेकसाजवळ कचारगडची प्रसिद्ध गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे गोंड समाजाची यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून भाविक येतात. गुहेत कोंडलेल्या पूर्वजांची पहांदी पारी कुपार लिंगो याने येथे सुटका केली, अशी श्रद्धा आहे.

लिंगोची गाथा गोंडी भाषेत पिढ्यान्पिढ्या गायली गेली. तिचे एक विस्तृत रूप नागपूर येथे काम करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिहून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील पुरातन शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांच्या मागे राहिलेली कागदपत्रे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून ही नोंद टिकली.

त्या पाठानुसार महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून दाराशी प्रचंड शिळा ठेवली. चौघे भाऊ तेवढे निसटले. फुलातून जन्मलेला लिंगो त्या चौघांना भेटला. त्याने त्यांना शेती आणि अग्नी यांची ओळख करून दिली. पण खोट्या आरोपावर विश्वास ठेवून त्याच भावांनी त्याला ठार केले. अमृताने तो पुन्हा उठला. या ठिकाणी कथा संपवून लिंगोला निघून जाण्याचे पुरेसे कारण होते. तसे होत नाही. न पाहिलेल्या, गुहेत अडकलेल्या उरलेल्या गोंडांचा शोध घ्यायला तो निघतो. रात्री झाडावर बसून चंद्राला आणि ताऱ्यांना विचारतो, सूर्याला विचारतो, माझे गोंड कोठे आहेत? कोणालाच ठाऊक नसते. अखेर एका वृद्ध तपस्व्याकडून ठिकाण कळते. मग कठोर तप, महादेवाने घातलेली अट, त्यासाठी महासर्पाचा वध आणि शेवटी शिळा बाजूला होते. समाजाची घडी बसवून दिल्यावर लिंगो देवांकडे निघून जातो. राज्य त्याने स्वतःसाठी ठेवलेले नसते.

ज्या आकाशाला लिंगोने प्रश्न विचारला, त्याचीही गोंडांची स्वतःची ओळख आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड वस्त्यांत फिरून ही माहिती गोळा केली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सप्तर्षींतील चार तारे म्हणजे खाट आणि शेपटाचे तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर, अशी ती ओळख आहे. मृग नक्षत्राच्या ताऱ्यांत नांगर दिसतो. राजे आणि ऋषी यांच्याऐवजी घरातील खाट आणि शेतातील अवजार आकाशात पाहणाऱ्या समाजाने आपला नायकही घरी परतणारा निवडावा, यात आश्चर्य नाही.

कॅम्पबेल यांनी वाचलेला मुचकुंद

पुराणातील मुचकुंद आणि हॉलिवूडचा चित्रपट यांच्यातील दुवा १९४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जुळला. जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकी अभ्यासकाचे 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' हे पुस्तक त्या वर्षी निघाले. जगभरच्या दैवतकथांत नायकाचा प्रवास सारखाच असतो, असे त्यांनी मांडले. नायकाला हाक येते, पुष्कळदा तो ती नाकारतो, मग निघतो, कसोट्यांतून जातो आणि मिळालेले वरदान घेऊन परततो. या प्रवासातील एक टप्पा त्यांनी 'परतण्यास नकार' असा सांगितला आणि त्याचे उदाहरण म्हणून विस्ताराने कथा दिली ती मुचकुंदाची.

हे पुस्तक पुढे जॉर्ज लुकास यांच्या हाती पडले. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ची पटकथा लिहिताना त्याचा आपल्याला उपयोग झाला, हे लुकास यांनी वेळोवेळी मान्य केले आहे. त्यातील ल्यूक स्कायवॉकर हा शेतावर राबणारा मुलगा हाक येताच आधी नकारच देतो. घरी काम आहे, ही त्याची सबब असते. घर जळून जाते तेव्हा तो निघतो. त्यानंतर आलेल्या असंख्य अंतराळगाथांनी हा साचा गिरवला. टीकाकारांचा आक्षेप असा, की सर्व संस्कृतींच्या कथा एकाच साच्यात बसवताना प्रत्येकीचे वेगळेपण पुसले जाते. हा आक्षेप रास्त आहे. लुकास यांनी हाक नाकारण्याचा टप्पा उचलला. ज्या परतण्याच्या प्रश्नासाठी कॅम्पबेल यांनी मुचकुंद निवडला होता, तो प्रश्न लोकप्रिय चित्रपटांत बराचसा मागे राहिला.

मराठीतील अवकाशयात्री

मराठी वाचकांना अवकाशप्रवासाची ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर क्रमशः येऊ लागले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घराघरांत नेले. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या दिवाळी अंकांनी अद्भुत आणि वैज्ञानिक कथांना हक्काची जागा दिली. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धांतून नवे लेखक पुढे आले.

१९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलट वाचली की खरे नाव कळत होते : जयंत विष्णु नारळीकर. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांवर दडपण येऊ नये, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. कृष्णविवराच्या प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे सापेक्षतेचे सूत्र मराठी कथेत आले ते असे. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला; त्यानंतर 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आल्या.

मात्र काळ ओलांडणाऱ्या नाखूश नायकाचे मराठीतील ठळक रूप पाहायचे असेल, तर नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेकडे वळावे लागते. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार आहेत. सभांचे अध्यक्षपद भूषवण्याचा त्यांना भारी उत्साह. हजाराव्या अध्यक्षीय भाषणाच्या उंबरठ्यावर ते उभे असतात. पानिपतचा निकाल उलट लागला असता तर, या विचारात रस्ता ओलांडताना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात पोचतात, जेथे १७६१ मध्ये मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेलेली असते.

मराठी वाचकाच्या मनातील दोन शतकांची हुरहुर येथे पुरी झालेली आहे. तरीही गंगाधरपंतांना तेथे सुख लाभत नाही. मुंबईत ते मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणी तेथे काम करीत नसल्याचे कळते. मुचकुंदाला देवांनी सांगितलेली वार्ता त्यांना स्वागतकक्षात ऐकावी लागते. ग्रंथालयात बसून ते त्या जगाचा इतिहास वाचतात. संध्याकाळी आझाद मैदानावरील सभेत रिकामी खुर्ची पाहून सवयीने व्यासपीठावर चढतात आणि अध्यक्ष ही प्रथाच मोडीत काढलेल्या श्रोत्यांचा मार खातात. आपल्या जगात परतल्यावर पानिपतच्या परिसंवादाचे अध्यक्षपद ते नाकारतात. हजारावे भाषण आझाद मैदानावर होऊन गेले, असे त्यांचे म्हणणे. 'द अॅडव्हेंचर' या नावाने ही कथा राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली.

२०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाने दिलेली ती पावती होती. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

घड्याळे काय सांगतात?

पुराणातील कालगणना कल्पित असली, तरी प्रवासामुळे काळाच्या गतीत फरक पडतो हे सत्य आहे. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी विशेष सापेक्षता सिद्धांत मांडला. वेगाने जाणाऱ्या घड्याळात काळ मंद चालतो, हे त्याचे एक अनुमान. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली. जमिनीवरील घड्याळांशी त्यांची तुलना केली, तेव्हा सिद्धांताने वर्तवलेला अतिसूक्ष्म फरक आढळला.

हा फरक आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मार्ग दाखवणाऱ्या जीपीएस यंत्रणेचे उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, तर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. एकूण ३८ मायक्रोसेकंदांची ही तफावत दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात स्थाननिश्चितीत सुमारे १० किलोमीटरची चूक साचेल. साकोलीहून निघालेल्या मालमोटारीला यंत्र भलतेच गाव दाखवू लागेल.

प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणारे यान आज अस्तित्वात नाही. तसे झाले, तर यानातील एका वर्षात पृथ्वीवर सुमारे ७ वर्षे जातील. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. तेथवर जाऊन लगेच परतणाऱ्या प्रवाशाच्या घड्याळात अडीच वर्षांहूनही कमी काळ जाईल. पृथ्वीवर १७ वर्षांहून अधिक काळ उलटलेला असेल. दोन वर्षांचे मूल मागे ठेवून निघालेल्या आईला परतल्यावर महाविद्यालयात जाणारे अपत्य भेटेल. अंतराळगाथेतील नायक निघण्यापूर्वी का घुटमळतो, याचे उत्तर या साध्या गुणाकारात मिळते.

मराठीत गाथा का झाली नाही?

निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, नारायण धारप, अरुण साधू अशा लेखकांनी मराठी विज्ञानकथा समृद्ध केली. तरीही अनेक खंडांत पसरलेली, ग्रहमालांमागून ग्रहमाला ओलांडणारी अंतराळगाथा मराठीत क्वचितच आढळते. याची काही कारणे दिसतात. मराठी विज्ञानकथा मुख्यतः मासिके आणि दिवाळी अंक यांच्या आश्रयाने वाढली. पंधरा-वीस पानांत एक कल्पना मांडता येते, साम्राज्याची उभारणी करता येत नाही. चित्रपटांच्या बाबतीत खर्चाचा प्रश्न आहे. शिवाय बहुतेक लेखक स्वतः शास्त्रज्ञ, अध्यापक किंवा पत्रकार असल्यामुळे त्यांचे नायकही प्रयोगशाळा, कचेरी आणि महाविद्यालय यांतून आले. त्यांना आकाशगंगा जिंकायची नसते. रात्रीच्या जेवणाला घरी पोचायचे असते.

ही मर्यादा म्हणावी की वैशिष्ट्य, यावर मतभेद होऊ शकतात. मात्र मोठ्या खर्चाशिवाय युगांतर दाखवता येत नाही, हे म्हणणे झाडीपट्टीत तरी कोणी मान्य करणार नाही. दंडार आणि खडीगंमत या येथील लोककलांनी मोजक्या साधनांवर देव, दानव आणि युगे उभी केली. वडसा हे केंद्र मानून चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीवर आजही रात्रभर नाटके रंगतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास करून हा ठेवा ग्रंथरूपात आणला.

काळाच्या प्रवासाची झळ या ठेव्यालाही लागते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदवली गेली, तरी लिंगोची संपूर्ण गाथा मुखोद्गत असलेले गायक पूर्वीसारखे गावोगावी भेटत नाहीत. हिस्लॉप यांच्या कागदांनी एक पाठ वाचवला. न लिहिले गेलेले पाठ गायकांबरोबर गेले. मुचकुंद जागा झाला तेव्हा त्याला ओळखणारे कोणी नव्हते. कथांचेही तसेच होते. ऐकणारा उरला नाही, तर सुखरूप परतलेली कथाही परकी ठरते.

मंडईच्या दिवसांत नागपूर, पुणे, मुंबईकडे कामासाठी गेलेली माणसे गावी येतात. रात्री नाटकाला बसतात. कोण वारले, कोणाचे लग्न झाले, कोणाची शेती विकली गेली, याचा हिशेब त्या बैठकीत लागतो. काही दिवसांनी पुन्हा गाड्या भरतात आणि महामार्गाने निघून जातात. कचारगडची यात्रा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, माघात येते.